एकाच नावाच्या दोन मोटारी

वडिलांच्या हाती मोटार येण्याआधी आमच्या घरी वर्षातले चार महिने अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या, एवढंच असायचं. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडली, तसं गावानं सुगीचे दाणे देणं सोडलं. माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. वडील शेलूबाजारच्या एका जिनिंगवाल्याची बैलगाडी हाकायचे. हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला हवी ते वेगळे.

मालकानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा तो शिकायला कोणी धजेना. वडील धजले. ट्रॅक्टरवरून ते जीपवर आले, जीपवरून मोटारीवर. त्या पगारावर मी वाशीमला कॉलेजात होतो. पगार बंद झाला तर माझं बी.ए.चं शेवटचं वर्षही बंद, हे घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मी शेवटच्या वर्षाला जायच्या आधीच मालकानं आणि कारंज्याच्या त्याच्या धाकट्या भावानं मुंबईच्या लिलावातून दोन विदेशी मोटारी आणल्या. कोण्या वकिलातीतल्या साहेबांनी वापरून सोडलेल्या. कंपनी एक, नाव एक, लांबी एक. स्टिअरिंग डाव्या अंगाला, आणि तेही पॉवरचं. म्हणजे इंजिनवरचा एक पंप तेलाच्या जोरानं चाकं वळवायला मदत करतो. इकडच्या मोटारी वळवताना डायवरचे खांदे भरून यायचे, त्यामुळे लोक ते बघायलाच जिनिंगवर येत. दोन्ही गाड्यांत फरक म्हणाल तर एवढाच की मालकाच्या गाडीचं स्टिअरिंग जरा लहान, चामडं चढवलेलं, आणि मागं नावापुढं दोन अक्षरं जास्त. ती अक्षरं कशाची, हे कोणी विचारलं नाही.

वर्षभर सगळं सुरळीत होतं, कारण मालक मागं बसायचा. मग मानोऱ्याच्या एका लग्नात त्याला हौस आली. भावाची मोटार त्यानं स्वतः चालवली, आणि लगेच उतरून आपली चालवली. भावाची एका बोटानं वळली. आपली वळवायला दोन्ही हात लागले. मांडवातच त्यानं वडिलांना बोलावलं.

"माही गाडी जड काहून?"

"पयल्यापासून अशीच हाय, मालक."

"कंपनी एक, नाव एक, अन् अशीच कशी? बैलगाडीले वंगण कायले देतेत? चाक हलकं फिरावं म्हनून ना? जड फिरलं म्हंजे आत काहीतरी बिघाड. नाहीतर बदल."

त्याच्या महिनाभर आधी गाडी सर्व्हिसिंगला अकोल्याला गेली होती. घेऊन गेले होते एकटे वडील. एवढं पुरे झालं. डायवरनं अकोल्यात अस्सल पार्ट विकला आणि स्वस्तातला बसवून आणला, असं जिनिंगच्या दिवाणजीनं ठरवलं आणि मालकानं मान डोलावली. किल्ली काढून घेतली. रविवारपर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर सोमवारी येऊ नको.

शनिवारी मी वाशीमहून आलो तर स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं हाक मारली, "काय कॉलेजकुमार, वाशीमले सायकल घेतली म्हंते! तेलाच्या पंपावर चालते का?" आजूबाजूचे हसले. मला कळेना. घरी आलो तेव्हा मायनं सांगितलं.

आता खरं सांगतो. सायकल वडिलांनी मला त्याच महिन्यात घेऊन दिली होती, जुनीच, पण चांगली. कुठून आणली हे मी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की, काय सांगावं? लोकांचा संशय ऐकता ऐकता माणसाच्या डोक्यात कसा शिरतो, ते मी तेव्हा बघितलं. वडील ओट्यावर विडी ओढत होते. मी जाऊन उभा राहिलो.

"बाबा, पार्ट विकला का तुमी?"

मायनं आतून परात आपटली. वडिलांनी विडी तोंडातून काढली.

"तू बी?"

"सायकल कुठून आली मंग?"

"दोन सुट्ट्यांले अकोल्याच्या बाजारात एकाचा ट्रक हाकला. त्याले विचारून ये. बीए होऊन राह्यला ना तू? बापाले विचारायच्या आंधी गाडीले विचारायचं."

"गाडी काय सांगते?"

"माहीवाली सांगते. खड्डा आला, गोटे आले, चाक चिखलात घसरून राह्यलं, सारं हातात समजते. धाकट्या मालकाची मुकी हाय. लोण्यात हात घातल्यावानी. तिच्यावर जोरात जायचं म्हनलं तर मले भेव लागते."

"मंग हे मालकाले सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं ना. दिवाणजी म्हने, चोर आपल्या चोरीले गोडच म्हननार."

गाडी आली तेव्हाचा काही कागद, काही पुस्तक होतं का, असं मी विचारलं. वडिलांनी विडी विझवली. दसऱ्याला मोटारीची पूजा झाली तेव्हा सोबतचं एक पुस्तक मालकीणबाईंनी लाल फडक्यात बांधून, हळदकुंकू वाहून गाडीच्या पुढच्या खणात ठेवलं होतं. पूजलेलं पुस्तक, म्हणून त्याची गाठ वर्षभर कोणी सोडली नव्हती.

रविवारी आम्ही दोघं जिनिंगवर गेलो. दिवाणजी खणाला हात लावू देईना. "पान गिन फाडशीन." मग मालकीणबाईंनीच गाठ सोडली. इंग्रजी बारीक छपाईचं होतं. मी उभ्या उभ्या वाचत गेलो, अडलं तिथं थांबलो, पण सापडलं. त्या गाडीचे दोन प्रकार होते. साधी घरगुती, आणि वेगानं चालवणाऱ्यांसाठीची. दुसरीच्या नावापुढं ती दोन अक्षरं. तिच्या स्टिअरिंगला पंपाची मदत मुद्दाम कमी दिलेली, रस्ता हाताला कळावा म्हणून.

मालक ऐकून हसला. "बाप डायवर, पोरगं वकील! तूच वाचनार, तूच सांगनार. मले काय समजते?"

"तुमच्या भरवशाचा मानूस बोलवा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. वडिलांनी माझी बाही ओढली.

हायस्कूलचे इंग्रजीचे सर बोलावले गेले. ते सायकलवर आले, चष्मा पुसला, मी दाखवलेलं पान न बघता पुस्तक पहिल्यापासून चाळलं. मालकाचं तोंड आंबट झालं होतं. मग सर उठले, गाडीच्या मागं गेले, ती अक्षरं बोटानं चाचपली आणि परत आले.

"पोट्टा बरोबर वाचते. हे गाडी जडच असते. अन् दोन्हीत महाग हेच."

"महाग?" मालक म्हणाला.

"महाग."

मालक दिवाणजीकडं वळला. "कारंज्याले निरोप पाठव. म्हना, तुही गाडी बायकापोराईची हाय, खरी आमच्याकडं हाय." वडिलांपुढं त्यानं नुसती किल्ली मेजावर सरकवली, बस्स. वडिलांनी ती लगेच उचलली नाही. दिवाणजीकडं बघत उभे राहिले, तो खाली बघेपर्यंत. मग उचलली.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "बाबा, चुकलं माहं."

"चुकलंच," ते म्हणाले. पुढं त्यावर कधी बोलले नाहीत.

वडील त्या मोटारीवर आणखी चार वर्षं होते. त्यांना पुन्हा कोणी चोर म्हटलं नाही. मी बी.ए. दुसऱ्या वर्गात पास झालो. आमच्या घरातला, आणि आमच्या वस्तीतला, पहिला.