ताऱ्याशेजारची फिल्म

हमरस्त्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी माझ्या मित्राला, मिलिंदला, फसवलं. तो तिथं एक्स-रे काढायचा. त्याचा शिशाचा एप्रन तडकला होता आणि डॉक्टर दर वर्षी "मागवलाय" म्हणत राहिले. रक्ताच्या कॅन्सरनं तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरचीचा सौदा करत होतो. मूठ मिटली ती मिटलीच…

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी बाजारात शिरलो, तो शिकला. तरी दुपारी दवाखाना रिकामा झाला की मी त्याच्या खोलीत जाऊन बसायचो. फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर त्यानं एक चित्र लावलं होतं. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध कृष्णविवर, आणि त्याला लागूनच फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष… नुसता तापलेल्या वायूचा ढग.

"हे डोयानं दिसत नाही, शेठ. मधात धूळ हाय. एक्स-रेत दिसते."

"मंग तूच काऊन नाही काढत?"

"ते किरण खाली येतच नाहीत. आपली हवा अडवते. दुर्बीण वर पाठवा लागते." मग हसून म्हणाला, "साऱ्या दुनियेले एप्रन भेटला, मलेच नाही."

लेकरू हलत असलं आणि आई पोटुशी असली, की तिला बाहेर पाठवून तो स्वतःच लेकराला धरायचा. बटण नर्स दाबायची. एकदा त्यानं तो एप्रनच टेबलावर पसरून त्याचा एक्स-रे काढला. शिशानं पांढरं दिसायला हवं तिथं काळ्या भेगा होत्या. ती फिल्म त्यानं ताऱ्याशेजारी लावली. मी ती उपटून डॉक्टरांच्या टेबलावर आपटली.

"सेठ, आप मिर्ची देखो," ते म्हणाले.

मिलिंदनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "भांडू नको बाप्पा, नोकरी जाईन." फिल्म मात्र त्यानं परत जागेवर लावली.

जलदानविधी झाल्यावर त्याचा डबा आणायला मी त्या खोलीत गेलो. खुंटीवर नवा कोरा एप्रन होता, प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. पेटी पेटवली. एका बाजूला फुटलेला तारा… शेजारी नुसता पांढरा उजेड.

डॉक्टर, कॅन्सर कशानंही होतो म्हणता. असेल. मग मिलिंद गेल्यावर लगेच एप्रन कसा मिळाला? आणि ती फिल्म कुठं आहे? सांगा.