वरातीच्या गाडीचं मेण

सोम्बोर गावाच्या रस्त्यांवरून घोडागाड्या धावत होत्या तोवर स्वेतोझारच्या घरात कामाला कधी तोटा पडला नाही. आजोबांनी घोड्यांचे साज शिवले, वडिलांनी शिवले, आणि स्वतः स्वेतोझार कळायला लागल्यापासून दोऱ्याला मेण चोळत बसायचा. पुढे घोडे गेले. लग्नात मिरवायला दोन-चार बग्ग्या तेवढ्या उरल्या. मग त्याने तीच आरी आणि तीच जाड सुई घेऊन मोटारींच्या सीटा शिवायला घेतल्या. पोट चालत राहिलं. सत्तरी उलटेपर्यंत तो गावाचा तोझाकाका झाला होता. कुणाच्या गाडीची सीट उसवली की "तोझाकाकांकडे टाक" हे ठरलेलं.

काकांना अभिमान होता तो त्यांच्या मेणाचा. मधमाशीचं मेण, बैलाच्या खुरांची चरबी आणि थोडं टर्पेंटाइन, मंद आचेवर ढवळून केलेलं. ते शिजायला लागलं की शेजारणी वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या. कृती वडिलांची. वडिलांनी शिवलेला एक लगाम भिंतीवर टांगलेला होता. इतका जुना, पण बोटाभोवती गुंडाळला तरी त्याला चीर पडत नसे. मेणाबद्दल कुणी शंका काढली की काका सरळ तो लगाम काढून त्याच्या हातात देत.

आता शंका काढणारं माणूस घरातच आलं होतं. मुलगी स्मिल्याना नोवी साद शहरात मोटारींच्या दुकानात काम करायची, जुन्या गाड्या आतून साफ करून विक्रीला तयार करायची. संसार मोडला तशी ती बापाकडे परतली आणि अंगणापलीकडच्या पेंढ्याच्या कोठारात तिने स्वतःचा तोच धंदा मांडला. फळीवर बाटल्या उभ्या राहिल्या. चामड्याचा सौम्य साबण, रेक्झिनसाठी वेगळा, उन्हापासून जपणारं दुधासारखं काहीतरी. मऊ ब्रश, पांढरी फडकी.

"दवाखाना काढलास की काय?" काका दारातूनच म्हणाले.

"काढला. तुमच्या मेणाने आजारी पडलेल्या गाड्या येतात ना, त्यांच्यासाठी."

"जीभ अगदी आईची घेतलीस. अगं, चामडं म्हणजे जनावराची कातडी. तिला चरबी लागते. नुसत्या साबणपाण्यावर चामडं जगतं का?"

"बाबा, गाडीच्या चामड्यावर कारखान्यातच रंगाचा थर चढवतात. त्याच्यावर आणखी एक थर, दिसत नाही असा. तुमची चरबी आत जातच नाही. वरच बसते आणि धूळ धरते. आणि दारांना, डॅशबोर्डला असतं ते तर रेक्झिन. प्लास्टिक! त्याला कसली चरबी चारताय? टर्पेंटाइनने उलट कडक होऊन तडकतं ते."

"मला चामडं शिकवतेस?"

"शिकवत नाही. सांगतेय."

काका हसले खरे, पण त्या दिवशी ताटावरून लवकर उठले. राग मुलीचा नव्हता, त्या बाटल्यांचा होता. बाटलीला ना वास, ना ती कुणाच्या हातची ते माहीत. आपण जे बोटांनी शिकलो, ते कुणीही झाकण उघडून ओतावं आणि काम व्हावं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मुलगी म्हणते ते खरं असेल तर आपण इतकी वर्षं काय करत होतो, असाही एक विचार येऊन गेला. तो त्यांनी फार वेळ ठेवून घेतला नाही.

जुलैत रातोमीर त्याची गाडी घेऊन आला. लग्नाला भाड्याने द्यायची लांबलचक जुनी काळी गाडी, आत तपकिरी चामड्याच्या सीटा, मध्यंतरी कुणीतरी पुन्हा रंगवलेल्या.

"उद्या पलीकडच्या गल्लीतल्या इसिदोराचं लग्न आहे. स्मिल्याना कुठाय?"

"सामान आणायला नोवी सादला गेलीय. उद्या संध्याकाळी येईल."

"अरे देवा. मग मीच ओलं फडकं मारतो."

"का? मी मेलोय का?"

रातोमीर ओशाळला आणि किल्ली ठेवून गेला.

काकांनी त्या गाडीवर जीव ओतला. मेण उन्हात मऊ केलं आणि तळहाताने चोळलं, घोड्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. सीटांना लावलं, दारांच्या रेक्झिनला लावलं, डॅशबोर्डलाही सोडलं नाही. संध्याकाळी रातोमीरने दार उघडून शीळ घातली. "काका, आरसा केलात की हो!" काकांना वाटलं, स्मिल्याना इथे असायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून चर्चच्या चौकात जाऊन उभे राहिले. आपल्या हातची गाडी लोकांनी बघावी, एवढीच हौस. ऊन मी म्हणत होतं. नवरीच्या दारात गिटारसारखा ताम्बुरा वाजवणारे आणि ब्रँडी पाजणारे वरातीला सोडायला तयार नव्हते, तोवर गाडी बंद काचांनी उन्हात तापत राहिली होती. अखेर ती चौकात आली. रातोमीरने अदबीने दार उघडलं. इसिदोरा उतरली, हसली, आणि चर्चकडे वळली.

तिच्या पांढऱ्या झग्याला मागे, बरोबर बसायच्या जागी, ताटाएवढा तपकिरी डाग होता.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि इसिदोराच्या आईने हंबरडा फोडला. इसिदोराने मान वळवून पाहिलं. मग ती म्हणाली, "पाद्रीबुवा माझ्या पुढे उभे राहणार ना? झालं तर मग."

लग्नाच्या साक्षीदाराच्या खांद्यावर मानाचा विणलेला टॉवेल असतो. त्याने तो सोडला, तिच्या कमरेला मागून बांधला, आणि सगळे आत गेले.

तो रंग काकांनी ओळखला होता. चौक ओलांडून ते गाडीपाशी गेले आणि त्यांनी सीटवर तळहात टेकला. उचलला तेव्हा हात चिकट आणि तपकिरी झाला होता. टर्पेंटाइनने वरचा रंग सुटला होता आणि उन्हाने मेण पातळ झालं होतं.

"रातोमीर, ही चूक माझी आहे. तू तसं सांग सगळ्यांना."

रातोमीरचे कान लाल झाले होते. "काका, तुम्ही घरी जा. आत्ता मी तोंड उघडलं तर पुढे तुम्हाला तोंड दाखवता यायचं नाही मला."

संध्याकाळी स्मिल्याना आली तेव्हा काका अंगणात बाकावर बसले होते. काही न वगळता त्यांनी सांगितलं. ती "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिने एवढंच विचारलं, "दारांना पण?"

"सगळीकडे."

ती आत गेली आणि दोन तुकडे घेऊन आली, एक साजाच्या पट्ट्याचा, एक मोटारीच्या सीटचा. दोन्हींवर तिने पाण्याचा एकेक थेंब सोडला. पट्ट्यावरचा थेंब हळूहळू आत शिरला आणि तिथे काळसर ठिपका उमटला. सीटवरचा तसाच गोल बसून राहिला.

"हा पाणी पीत नाही, तो चरबी काय पिणार?" काका स्वतःशीच म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही याला. चामडं दिसलं की हात आपोआप डब्याकडे जायचा."

"तुमच्या साजाला तुमचंच मेण बरोबर आहे, बाबा. माझा साबण नुसता लावून ठेवला तर तो पट्टा वाळून जाईल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी बापलेक इसिदोराच्या माहेरी गेली. दार आईने उघडलं. "आता काय बघायला आलात? उरलंय काय?"

"झगा द्या. तेल आणि चरबी काढता येते मला, तेवढं तरी करू द्या," काका म्हणाले.

आईने दार लावलंच असतं, पण आतून इसिदोरा अनवाणी आली, डोळे तांबारलेले, आवाज बसलेला. "या काका. रात्रभर नाचलेय मी त्या झग्यात. मागून कोण कोण हसलं ते सगळे मोजून ठेवलेत."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर झगा उलटा पसरला. काकांनी खडूची भुकटी दाबून दाबून भरली, वर कोरा कागद ठेवला आणि कोमट इस्त्री फिरवली. कागदावर चरबी उतरली. पुन्हा भुकटी, पुन्हा कागद. मग स्मिल्यानाने सौम्य साबणाचा फेस बोटांनी कडेकडून आत नेला. संध्याकाळपर्यंत चिकटपणा पूर्ण गेला. रंगाची मात्र फिकी सावली राहिली, चहात बुडवल्यासारखी.

"अजून घासलं तर कापड जाईल," स्मिल्याना म्हणाली.

"राहू दे मग," इसिदोरा म्हणाली. "तसा कुठे मी तो परत घालणार आहे? नवऱ्याला सांगून ठेवलंय, दुसरं लग्न केलंस तर तिला हाच देईन."

काका पहिल्यांदा हसले. आईने मात्र त्यांना कॉफी विचारली नाही, आणि पुढेही रस्त्यात काका दिसले की ती पलीकडच्या कडेने जायची. काकांना त्याचं वाईट वाटे, पण चूक वाटत नसे.

सोमवारी रातोमीरची गाडी अंगणात लागली. मुलगी सांगेल तसं बापाने केलं. साबण गाडीवर ओतायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. हातभर जागा घ्यायची, मऊ हाताने घासायची, लगेच पुसायची, मग पुढची. शिवणीतून मेणाचे गोळे निघत होते. "जोर नका लावू बाबा, हा घोडा नाही," स्मिल्याना मधूनच ओरडायची, आणि काका "बरं बरं, मॅडम" म्हणून हात हलका करायचे. गेलेला रंग तिने भरून घेतला. वरून ते पातळ दूध लावलं, न चमकणारं.

रातोमीर कलिंगड घेऊन आला होता. राग ओसरला होता, पण तो काहीतरी मनात घोळवत होता. कलिंगडाची फोड हातात धरून तो म्हणाला, "काका, एक कुणाला बोललो नाही. चर्चकडे वळताना ऊन समोरून आलं. डॅशबोर्ड असा काही चकाकत होता की पुढची सगळी काच पांढरी झाली. एक सायकलवाला होता. अगदी जवळ आल्यावर दिसला मला, कसाबसा चुकवला. मागे नवरी बसलेली."

काकांनी हातातली फोड खाली ठेवली. झग्याच्या डागाने त्यांना लाज वाटली होती. या गोष्टीची त्यांना भीती वाटली. लोकांनी "आरसा केलात" म्हणावं म्हणून त्यांनी किती गाड्यांचे डॅशबोर्ड असे चमकवले होते, कोण जाणे. त्या गाड्या गावात आणि गावाबाहेर फिरत होत्या. जी जी आठवली, ती त्यांनी पुढच्या दिवसांत बोलावून घेतली आणि फुकट पुसून दिली. काहींना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

शरद ऋतूत ते पातळ दूध संपलं, म्हणून स्मिल्यानाने त्यांना रंगांच्या दुकानात पाठवलं. दुकानदाराने मोठी फवारणीची बाटली पुढे केली. "हे घ्या काका, सगळे हेच नेतात. चामडं, रेक्झिन, प्लास्टिक, एकदा मारलं की नव्यासारखं चमकतं."

"स्टिअरिंगवर मारलं तर हात सटकतो का?"

"आता... थोडा सटकतो."

"आणि चमकणार किती?"

"आरशासारखं!"

"मग नको. न चमकणारं दाखव."

दुकानदाराला मागच्या फळीवर चढावं लागलं. काकांनी चष्मा लावून बाटलीवरचं सगळं वाचलं, आत टर्पेंटाइनसारखं काही नाही ना ते दोनदा विचारलं, आणि फडक्यावर एक थेंब घेऊन बोटांनी चोळून पाहिला. चिकटपणा राहिला नाही. वासही नव्हता.

आता अंगणात दोघांचं काम एकच झालं आहे. उसवलेलं काका शिवतात, साफसफाई स्मिल्याना करते, आणि कशाला काय लावायचं यावरून दोघं रोज भांडतात. गाडी परत देण्याआधी काका तिचं तोंड मावळतीकडे करून घेतात, चालकाच्या जागी बसतात आणि समोरच्या काचेकडे बघत राहतात.

"झालं का बाबा? गिऱ्हाईक खोळंबलंय," स्मिल्याना हाक मारते.

"थांब गं जरा," काका आतून म्हणतात. "ऊन खाली येऊ दे."