आधी मुक्याकडे धावणारे डॉक्टर

डॉ. रघुनाथराव आठल्ये यांना मी प्रथम पाहिले ते आंदर मावळातल्या आमच्या शाळेच्या दारात. मुलांकडून मी कविता म्हणून घेत होतो. डॉक्टर चिखलाचे बूट हातात धरून उभे राहिले आणि कडवे संपेपर्यंत आत आले नाहीत. हा गृहस्थ आपला आहे, असे मला तेव्हाच वाटले. आज त्यांची साठी भरत आहे. वयाने मी मोठा, तरी नमस्कार मीच करतो.

लोणावळ्यात त्यांचा दवाखाना चांगला चालत असे. तरी दर रविवारी ते फटफटीवरून आमच्या वाड्यावस्त्यांत येत. घाटात दरड कोसळली, लॉरी उलटली, ओढ्याला लोंढा आला आणि एकदम पुष्कळ माणसे जखमी झाली, तर काय करावे, हे ते गावकऱ्यांना शिकवीत. मी एकदा विचारले, हे काम डॉक्टरांचे नव्हे काय? ते म्हणाले, “मास्तर, अशा जागी डॉक्टर सर्वांत शेवटी पोचतो. आधी पोचतो तो शेजारी. शिकवायचं त्याला.”

आमच्याकडे रीत अशी, की जो मोठ्याने ओरडेल त्याच्याभोवती सगळा गाव गोळा होई. पाणी पाजा, वारा घाला. आणि बेशुद्ध माणूस कोपऱ्यात तसाच पडून राही. ही रीत मोडायची कशी? डॉक्टर मला म्हणाले, पोरांच्या कवितेसारखं काहीतरी बांधून द्या, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही पाठ होईल असं. मी ओवी रचली:

रडे त्याचा चाले श्वास,
त्याला वेळ आहे खास;
मुका पडे, त्याचे पास
आधी जावे.

“त्यातला ‘खास’ काढा,” डॉक्टर म्हणाले. मी म्हटले, काढला तर ओवी लंगडी होईल. “मग राहू द्या. लंगड्यांना चालवणं हाच माझा धंदा.” महिन्याभरात जात्यावर, बांधावर, गुरांमागे माझी ती ओवी ऐकू येऊ लागली. अहाहा! कोणत्या कवीला असे भाग्य लाभते?

जखमींच्या खुणांसाठी त्यांनी प्रथम हळद आणि कुंकू आणले होते. ज्याला आधी हलवायचे त्याच्या कपाळी कुंकू, जो थांबू शकेल त्याला हळद. बायका पदराआड हसल्या, “हळदीकुंकू हाय व्हय डाक्टर? मग वाण कुटं हाय?” जखमी म्हणून सोंग घेऊन सरूमावशी निजल्या होत्या. कुंकवाचे बोट कपाळाशी येताच त्या ताडकन उठून बसल्या. मावशी विधवा. हसणे थांबले. त्या हळूच म्हणाल्या, “कपाळ नगं. मनगाट धरा, चिंधी बांदा.” डॉक्टरांनी सर्वांसमक्ष हात जोडून त्यांची क्षमा मागितली. त्या दिवसापासून लाल आणि पांढऱ्या चिंध्या सुरू झाल्या. पुढे लोणावळ्यातल्या वर्गातही ते सांगत, “ही सुधारणा सरूमावशींची.”

आता जे मी डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. भातलावणीचे दिवस होते. रविवारच्या वर्गाला वडिलांबरोबर आलेली डॉक्टरांची धाकटी कन्या उषा परतताना बांगड्या भरायला म्हणून गावच्या बायकांबरोबर लॉरीने लोणावळ्याला निघाली. मागून फटफटीवर आम्ही दोघे. वळणावर लॉरी घसरून खाचरात उलटली. आम्ही पोचलो तोवर लावणी करणाऱ्या बायका इरली टाकून धावल्या होत्या, आणि प्रत्येक जखमीपाशी एकेक जण बसली होती. बांधावर उषा आक्रोश करीत होती, “बाबा! बाबा!” तिच्या मनगटावर पांढरी चिंधी. पलीकडे लॉरीचा क्लीनर चिखलात पालथा, निपचित. त्याला लाल; ती बांधणारी बाई एकटीच त्याला उलटवू पाहत होती.

डॉक्टरांचे पाऊल मुलीकडे वळले. उषाला धरून बसलेल्या सरूमावशी शांतपणे म्हणाल्या, “डाक्टर, ती रडतीया. पोरीपाशी मी हाय. तुमी तितं जावा.”

डॉक्टर क्षणभर थांबले. मग पाठ फिरवून क्लीनरकडे गेले. त्याला कुशीवर घेतले, बोटाने तोंडातला चिखल काढला. मागून “बाबा” चालूच होते. त्यांनी वळून पाहिले नाही. पोराच्या छातीत घरघर झाली, श्वास लागला. तो आज लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावर बसतो.

उषाचा हात मोडला होता. बैलगाडीतून नेताना तिचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर होते आणि तिचा मोडका हात त्यांनी दोन्ही हातांनी सांभाळून धरला होता. ती म्हणाली, “मी हाका मारत होते.”

“ऐकल्या ना, बाळ,” ते म्हणाले. “ऐकू येत होत्या, म्हणूनच तिकडे जाता आलं.”

मी आयुष्यभर मुलांना वीररसाच्या कविता शिकवल्या. तो रस मी पाहिला तो त्या गाडीत.

रविवारचे वर्ग अजून चालू आहेत. उशिरा येणाऱ्यावर, चिंधी सैल बांधणाऱ्यावर डॉक्टर अजून कडाडतात; आवाज ओढ्यापलीकडे जातो. ज्याचा आवाज चालतो त्याचा श्वास चालतो, हे त्यांनीच आम्हांला शिकवले. तेव्हा मावळच्या सर्व वाड्यांच्या वतीने एवढेच मागणे: डॉक्टरसाहेब, निरोगी राहा, आणि पुढची पुष्कळ वर्षे आमच्यावर असेच ओरडत राहा.