अर्ध्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू

आमच्या संशोधन गटात दर जुलैच्या पहिल्या बुधवारी अमेरिकन बेसबॉलच्या पुरस्कारांवर मतदान होतं. खरे पुरस्कार हंगाम संपल्यावर देतात आणि ते तिकडचे पत्रकार ठरवतात. जर्मनीत गार्चिंगमधल्या एका इन्स्टिट्यूटच्या नऊ माणसांना त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. पण आमचा प्रोफेसर अमेरिकन आहे. अर्धा हंगाम झाला की आत्तापर्यंतचा सर्वोत्तम खेळाडू कोण आणि सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण, हे ठरल्याशिवाय त्याला उरलेला अर्धा बघवत नाही.

मतदान साप्ताहिक बैठकीत होतं. सेक्रेटरीबाई जर्मन आहेत, त्यामुळे त्याचं प्रोटोकॉल, म्हणजे इतिवृत्त, लिहिलं जातं. त्या वर्षी हा विषय क्रमांक सात होता. सहावा हेलियमची ऑर्डर, आठवा किचनमधला फ्रिज कोण साफ करणार. बाई स्वतः दर वर्षी तटस्थ राहतात आणि तटस्थ एक, अशी नोंद करतात.

मी गटात नवी होते. बेसबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, पण मतदानातलं कळत होतं. माझे वडील युनियनचं काम करायचे. आमच्या घरातून पत्रकं बाहेर जायची आणि शाळेत जायच्या आधी त्यांच्या घड्या घालायचं काम माझं होतं. घड्या घालता घालता मी ती वाचायची. त्यामुळे हात वर करून मत देणं ही गंमत असू शकते, हे मला कुणी शिकवलंच नाही. मी तीन आठवडे अभ्यास केला आणि अशा मताला आले की सांघिक खेळात एकट्यादुकट्याला पुरस्कार देणं हाच मुळात अन्याय आहे. ते एका पानावर लिहूनही काढलं.

ते पान मी आधी माझ्या फ्लॅटमेटला दाखवलं. तो नांदेडचा, याच गटात चौथ्या वर्षाला. आमच्या खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एक. रोज सकाळी तो पोह्यांची बशी घेऊन आदल्या रात्रीच्या सामन्याचं रेकॉर्डिंग बघायचा. त्याने पान वाचलं आणि बशीखाली ठेवलं.

“छान आहे, कॉम्रेड. शेवटी ‘एकजुटीचा विजय असो’ राहिलंय.”

“तू कुणाला मत देणार?”

त्याने स्क्रीनवरच्या एका आडव्या अंगाच्या बॅटरकडे बोट दाखवलं. “हा. सरांच्या गावचा.”

“चांगला आहे?”

“हा चेंडू बघ. इथे भिंत जवळ आहे म्हणून होमरन, आपला षटकार. दुसऱ्या कुठल्याही मैदानात हा साधा झेल आहे. याच्या घरच्या मैदानाचा फायदा वजा केला ना, तर अर्धी हवा जाते.”

“मग खरा कोण?”

मग त्याने दुसरा सामना लावला. तळाला असलेल्या संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं राहून सगळ्यात जास्त धावपळ करणारा क्षेत्ररक्षक. “हा नसता तर हा संघ याच्याही खाली गेला असता.”

“शेवटच्या नंबरच्या खाली काय असतं?”

“तेच तर. याने सावरलंय म्हणून कुणाला कळतच नाही.”

एवढं बोलून तो पोहे खायला लागला. मी म्हटलं, तुला हे माहीत आहे आणि तरी तू दर वर्षी सरांच्या माणसाला मत देतोस? याला लाचारी म्हणतात.

“याला फेरत्राग म्हणतात,” तो म्हणाला. फेरत्राग म्हणजे नोकरीचा करार. “माझा सप्टेंबरला संपतोय. मुदतवाढीचा फॉर्म सरांच्या टेबलावर आहे. ऑगस्टअखेर बायकोची मुंबईला व्हिसाची तारीख आहे आणि तिला तिथे माझा नवा करार दाखवायचा आहे. लग्नाला दोन वर्षं झाली आणि आम्ही एका घरात पंचेचाळीस दिवस राहिलोय. बेसबॉलसाठी मी हुतात्मा होणार नाही.”

हे मी ऐकलं होतं. नंतर मला ते ऐकल्याचं नाकारता आलं नाही.

बुधवारी सातवा विषय आला. सरांनी आपल्या गावच्या बॅटरची बाजू दहा मिनिटं मांडली आणि माझ्या फ्लॅटमेटकडे वळून विचारलं, “बरोबर ना?”

“गेनाऊ,” तो म्हणाला. अगदी बरोबर. हा शब्द तो दिवसातून चाळीसदा वापरायचा, आणि सरांसमोर तर त्याखेरीज दुसरा वापरल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मी माझं पान बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “त्याला तसं वाटत नाही. त्याला भिंतीबद्दल विचारा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही, ती माझ्यासाठी होती.

सर मात्र खूश झाले. तीन वर्षांत त्यांना वाद घालायला कुणी मिळालं नव्हतं. त्यांनी मार्कर त्याच्या हातात दिला. तो फळ्याकडे गेला तो सुळावर जाणाऱ्या माणसासारखा, पण दोन मैदानं काढेपर्यंत त्याचा आवाज बदलला. कुठली भिंत किती जवळ, कुठे हवा विरळ, हे सगळं वजा करून शेवटी माणसाचं स्वतःचं काय उरतं, ते त्याने मांडलं. वीस मिनिटं तो बोलत होता. गटातल्या सगळ्यांनी वह्या उघडल्या. सर हरले आणि हसत हरले.

मग त्यांनी विचारलं, “हे तुला कधीपासून वाटतं?”

“पहिल्या वर्षापासून.”

“पण प्रत्येक जुलैत तू माझ्या बाजूने मत दिलंस.”

यावर त्याला गेनाऊ म्हणता आलं नाही.

सरांचं हसू गेलं. त्यांच्या मागे भिंतीवर त्याचाच आलेख लावलेला होता. धातूचा अतिशय पातळ थर खूप थंड केला की त्याचा विद्युत रोध एका ठिकाणी अचानक उडी मारतो, असा तो आलेख. अशी उडी सापडेल हे सरांचं भाकीत होतं आणि ती त्याने शोधून दिली होती. मुदतवाढीच्या फॉर्ममध्ये कारण म्हणून तीच लिहिलेली होती.

“तू मैदान वजा केलंस,” सर म्हणाले. “नमुना ज्या तांब्याच्या पट्टीवर बसवतोस, ती वजा केली आहेस?”

तो बराच वेळ मार्करचं टोपण लावत होता.

“नाही.”

“उडी पट्टीची असू शकते?”

“असू शकते.”

“तुला कधीपासून वाटतं?”

सेक्रेटरीबाईंनी पेन वर केलं आणि विचारलं, हे सातव्यात घ्यायचं की वेगळा विषय करायचा. सर म्हणाले, वेगळा. त्यांनी मुदतवाढीचा फॉर्म थांबवला आणि सांगितलं, नव्या पट्टीवर सगळं पुन्हा मोज, मग बोलू. मतदान झालंच नाही. फ्रिजचं काम मला मिळालं.

घरी जाताना मी त्याला गाठलं आणि म्हणाले, खरं कधी ना कधी बाहेर आलंच असतं.

“हो. सप्टेंबरनंतर आलं असतं. माझ्या तोंडून आलं असतं.” मग त्याने विचारलं, “तुझा करार किती वर्षं उरलाय?”

“अडीच.”

“मग बरोबर आहे तुझं.”

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. पोहे खोलीत न्यायला लागला. जुलैचे उरलेले दिवस आणि अर्धा ऑगस्ट त्याने प्रयोगशाळेत काढला. मी नमुने थंड करायचं हेलियम भरायला मदत करू का असं विचारलं, तर जर्मनमध्ये “नाइन, डांके” म्हणाला. मराठी माणसाने मराठी माणसाला जर्मनमध्ये नकार दिला की त्यावर पुढे बोलण्यासारखं काही राहत नाही. त्याने ब्योब्लिंगेनच्या एका कंपनीत अर्ज टाकला हे मला प्रिंटरवर राहिलेल्या पानावरून कळलं. ते पान मी त्याच्या टेबलावर उलटं ठेवलं.

उडी गेली. नव्या पट्टीवर एकापाठोपाठ एक सगळे नमुने सरळ रेषेत आले. तो नवा आलेख घेऊन सरांकडे गेला तेव्हा दार उघडं होतं आणि मी कॉरिडॉरमध्ये होते. सर म्हणाले, नवी पट्टीच चुकीची असेल का? तो म्हणाला, “नाही, मी तीन पट्ट्या वापरून पाहिल्या.” मोठ्याने म्हणाला. सरांनी आलेख ठेवून घेतला आणि आठ दिवस काही कळवलं नाही.

नवव्या दिवशी करार आला. एका वर्षाऐवजी सहा महिन्यांचा, कारणाच्या रकान्यात ‘मापनातील दोषाचा अभ्यास’. व्हिसाला तेवढा पुरत होता. तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून त्याने बायकोला व्हिडिओ कॉल लावला. मी भांडी घासत होते.

“अहो, वर्षाचा मिळणार होता ना?” ती म्हणाली. “सहाच महिने कसे?”

“ते जे सापडलं होतं ना, ते नव्हतंच.”

“म्हणजे? आता कसं कळलं?”

त्याने फोन उचलून माझ्यासमोर धरला. “हिला विचार. हिनेच काढलं ते.”

मी हात पुसून फोन घेतला. तिला मी आधी कधी भेटले नव्हते. जमेल तितकं सोपं करून सांगितलं, भिंत, पट्टी, मतदान. मी काय बोलले आणि कुठे बोलले, तेही सांगितलं. मला त्याचं समर्थन करायचं होतं आणि माझ्याकडे मुद्दे होते, पण तिने ते विचारलेच नाहीत. तिने माझ्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“शंका होती.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

“म्हणजे लग्न झालं तेव्हापासून.”

मी फोन धरून तशीच उभी राहिले.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मी आल्यावर बोलू. आणि अगं, तू तेव्हा घरी असशील ना?”