पट्ट्याखालची गादी

खांदा दुखतोय असं कुणी म्हटलं की आमच्या सिस्टर आधी अंगठ्यानं तो दाबायच्या. हळूच नाही. हाडाखालच्या खोबणीत अंगठा रुतवायच्या आणि समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं की म्हणायच्या, "हां, इथं. आता ओरडू नको, जागा सापडली."

मी त्यांच्या हाताखाली नर्स म्हणून रुजू झाले आणि काही दिवसांतच तो अंगठा माझ्याही वाट्याला आला. आमचं आरोग्य उपकेंद्र बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनारच्या बाजूला. मंगळवारी आणि शुक्रवारी लसी द्यायला गावोगाव जायचं. लसीचा तो निळा डबा तुम्हीही पाहिला असेल, एखादी नर्सबाई खांद्याला अडकवून केळीच्या बागेच्या कडेनं जाताना. लांबून हलका वाटतो. पण आत बर्फ असतो आणि पट्टा दोन बोटं रुंद. ऊन चढलं की तो पट्टा मांसात शिरतो. माझ्या खांद्यावर चाबूक बसावा तसा लाल वळ उठला होता.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "पट्ट्याला गादी नाही लावली तर वर्षभरात खांदा कामातून जाईल."

गादी शिवणं त्यांचा छंद नव्हता, ती मारामारी होती. त्या बुऱ्हाणपुरात पावरलूमच्या गल्लीत राहायच्या, दिवसभर मागांचा खडखडाट. तिथून कापडाच्या चिंध्या आणायच्या, कुणाच्या तरी जुन्या जीन्सचा पाय फाडायच्या. फाडायच्या म्हणजे एक टोक दातात आणि दुसरं मुठीत. फोम त्यांना चालायचा नाही. "घामानं कुजतो. मेलेल्या उंदरासारखा वास येतो." चिंध्यांचे थर एकावर एक, मधे जाड आणि कडेला पातळ, कारण कड जाड राहिली तर तीच कापते. मग दाभण घेऊन तळहाताच्या बुडानं ठोकून आरपार. गोधडीसारखा जवळजवळ धावदोरा. शेवटी दोन टिचबटणं, म्हणजे गादी पट्ट्याभोवती गुंडाळता येते आणि धुवायला काढताही येते. शिवून झाली की वरवंट्यानं बडवायच्या. "नवी गादी माजलेली असते," म्हणायच्या.

त्यांचा हात लवकर सुटायचा, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. देडतलाईच्या बसमध्ये एकदा एक धट्टाकट्टा माणूस गर्दीचं निमित्त करून माझ्या अंगावर रेलत होता. मी सरकत सरकत खिडकीला चिकटले. सिस्टर त्याच्या पलीकडे उभ्या राहून एक अर्धवट गादी शिवत होत्या. त्यांनी दाभण त्याच्या मांडीत खुपसलं. तो किंचाळला. साऱ्या बसनं वळून पाहिलं. सिस्टरनी दाभण पदराला पुसलं आणि कंडक्टरला शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, गाडी थांबवा. यांचं गाव आलं." तिथं गाव नव्हतं, नुसती तूर उभी होती. तो उतरला.

त्या डबा नेहमी उजव्या खांद्याला घ्यायच्या. डाव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड ब्लाउजमधूनही वाकडं दिसायचं. एका दुपारी माझी गादी शिवता शिवता त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"नवऱ्यानं मोडलं. मागावरचा लाकडी दांडा होता."

"मग मी वरवंटा उचलला. त्याचे दोन दात गेले. दोघं एकाच रिक्षानं दवाखान्यात गेलो. रिक्षावाला म्हणाला, ॲक्सिडेंट झाला काय? मी म्हटलं, हो, लग्न झालं."

बरं होऊन त्या घरी परतल्या त्या सामान न्यायलाच. ट्रंक घेऊन दारात आल्या तर मागून सासू आपलं गाठोडं घेऊन निघाली. सिस्टर म्हणाल्या, "आई, तुम्ही कुठं?" सासू म्हणाली, "तू गेली तर तो मले मारन." तेव्हापासून त्या दोघी एकत्र राहत होत्या. दिवसभर एकमेकींशी भांडायच्या आणि एका ताटात जेवायच्या.

आता तो दिवस सांगते.

डोईफोडियाच्या पलीकडच्या एका वस्तीवर, तिचं नाव सांगत नाही, आमचं लसीकरण होतं. अंगणवाडीच्या ओट्यावर बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यात ललिता होती. विशीतली, कडेवर तीन महिन्यांची मुलगी. एक डोळा सुजून मिटलेला. सिस्टरनी पोरीला टोचलं, मग ललिताची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. विचारलं काही नाही. तिच्या कानाशी एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळची बस साडेपाचला आहे. मी त्याच बसनं जाते."

ते कुणीतरी ऐकलं असावं. थोड्या वेळानं तिचा नवरा आला. हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा. त्यानं ललिताला केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं. पोरगी तिच्या कडेवरच.

"पोर आहे तिच्याजवळ. सोड," सिस्टर म्हणाल्या.

"दीदी, घर का मामला आहे. तुम्ही बीचमध्ये पडू नका." आणि त्यानं ललिताच्या पाठीत दांडा घातला. ती पोरीवर वाकली. त्यानं पुन्हा मारलं. बाया भिंतीला चिकटल्या. मीही.

सिस्टर मधे गेल्या. तिसरा फटका त्यांच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी काटकी पायाखाली यावी तसा. त्यांचा डावा हात लोंबायला लागला. त्यांनी उजव्या हातानं डबा खांद्यावरून काढला, घरी आल्यावर काढतात तितक्या सावकाश. पट्टा मनगटाला गुंडाळला आणि डबा फिरवला. पहिल्या फटक्यात दांडा उडाला. दुसरा त्याच्या डोक्यात बसला. डबा उघडला, बर्फ आणि लसीच्या कुप्या मातीत पसरल्या, आणि तो माणूस त्या कुप्यांवर उताणा पडला.

रक्त फार आलं. डोक्याची जखम तशी असते. तोवर वरच्या बाजूनं त्याचे भाऊ धावत येताना दिसले, त्यांच्यामागं आणखी माणसं.

"आत ओढ याला," सिस्टर मला म्हणाल्या.

"याला? कशाला?"

"मरेल तो. ओढ."

मी आणि ललितानं त्याचे पाय धरून त्याला अंगणवाडीत ओढलं, दार लावलं आणि मी बाक दाराला लावून त्यावर बसले. पहिला दगड पत्र्यावर पडला. मग कितीतरी. खिडकीची फळी फुटली. दारावर लाथा बसत होत्या आणि प्रत्येक लाथेबरोबर मी बाकासकट पुढं सरकत होते. बाहेरून शिव्या, आतून त्या पोरीचं रडणं.

मलमपट्टीची पिशवी बाहेरच राहिली होती. सिस्टरनी दातांनी टिचबटणं उघडली, मनगटाला अजून गुंडाळलेल्या पट्ट्याची गादी काढली, दुमडली आणि जखमेवर ठेवली. त्यांच्या एका हातानं जमेना. त्यांनी ललिताकडं पाहिलं.

"ये. दाब."

ललिता पोरीला मांडीत घेऊन त्याच्या उशाशी बसली. दोन्ही तळहात गादीवर ठेवले. मग विचारलं, "कितीक जोरात?"

ती काय विचारत होती ते आम्हा तिघींनाही कळलं होतं. दारावर धडक बसली. सिस्टर भिंतीला टेकल्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"रक्त थांबेल इतकं," त्या म्हणाल्या. "त्याहून जास्त नको."

ललितानं तेवढंच दाबलं. गादी हळूहळू काळपट लाल झाली. मधे तो शुद्धीवर आला. डोळे उघडून बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, "घरी चाल." तिनं हात काढले नाहीत.

कुणीतरी फोन केला असावा, पोलीस आले तेव्हा पत्र्याला खड्डे पडले होते. तो वाचला. टाके पडले, काही दिवस कोठडीत राहिला, सुटला. ललिता त्या संध्याकाळी पोरीला घेऊन आमच्याबरोबर बुऱ्हाणपूरला आली आणि सिस्टरच्या घरी तिसरी बाई झाली. पुढं गावाबाहेर केळी पेटीत भरायच्या कामाला लागली.

डोक्याची पट्टी सुटल्यावर तो तिला न्यायला आला. मी तेव्हा तिथंच होते. सिस्टरच्या सासूबाई उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"काबरं आला?"

"माझी बायको आहे आत."

"असंन. मी मेल्यावर ये. मले ओलांडून जा."

तो बराच वेळ समोरच्या भिंतीशी उभा राहिला. मग गेला. सासूबाईंच्या सुपातला लसूण संपला होता, तरी त्यांची बोटं चालूच होती.

आरोग्य खात्यातून चौकशीला आलेले साहेब भले होते. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. "सिस्टर, लिहून द्या की झटापटीत डबा हातातून सुटला. प्रकरण मिटेल."

"सुटला नाही साहेब. मी मारला."

"अहो, तुमच्यासाठीच सांगतोय."

"पहिला मारला तो दांडा पाडायला. दुसरा मारायची गरज नव्हती. तो मी रागानं मारला. लिहा."

त्यांची बढती अडली आणि बदली लांब झाली. केंद्रातल्या लोकांना एक विनोद मिळाला, डोईफोडियाला जाऊन डोई फोडली. त्या हसायच्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "मला त्या दुसऱ्या फटक्याचं बरं वाटलं होतं गं. भीती त्याचीच वाटते."

बदलीच्या गावाहून त्या सुट्टीला घरी यायच्या. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वेणी ललिता घालून द्यायची, आणि ओढली गेली की तिला शिव्या खाव्या लागायच्या.

अशाच एका सुट्टीला सकाळी छातीत कळ आली आणि दवाखाना येईपर्यंत संपल्या.

मी पोचले तेव्हा गल्लीतले माग बंद ठेवले होते. तिथं इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तिरडी बांधून झाली होती. तेवढ्यात त्यांचा नवरा आला. म्हातारा झाला होता, टोपी हातात. पुढच्या बांबूशी जाऊन उभा राहिला.

"तू नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, माझा हक्क आहे."

"तुह्या हातानं तिले पुष्कळ भेटलं. सरक."

तो सरकला. गल्लीतली माणसं एकमेकांकडं पाहू लागली. तेव्हा ललिता पुढं आली, पदर खोचला आणि बांबूखाली खांदा लावला. दुसऱ्या बाजूला मी गेले. मागं आमच्या केंद्रातल्या दोघी. कुणी अडवलं नाही. सासूबाई मडकं धरून पुढं चालू लागल्या.

ललिता आम्हा तिघींपेक्षा बरीच बुटकी. तापीकडं उतरताना तिरडी तिच्या बाजूला कलू लागली. मागून एकजण म्हणाला, "बाई, तू सोड, मी घेतो." तिनं मान हलवून नाही म्हटलं. मग आम्ही तिघी गुडघ्यांत थोड्या वाकलो आणि तिच्या उंचीनं चालू लागलो.