मागच्या पट्टीचे दोन स्क्रू

हॅल्वर ट्वेटचा कुणावरच विश्वास नव्हता. रेडिओवर हवामान सांगणाऱ्यावर नाही, पाद्रीवर नाही, आणि पोस्टातून आलेलं पाकीट तर तो फोडण्याआधी खिडकीच्या उजेडात धरून बघायचा. माझ्या दुकानात तो वीस-बावीस वर्षं येत होता. तरी आत पाऊल टाकण्याआधी दाराशी थांबून एकदा मागे बघायचा आणि एकदा माझ्या हातांकडे. बंदुका दुरुस्त करायचं हे दुकान माझ्या नवऱ्याचं, क्लेमचं. तो गेल्यावर मी चालवायला घेतलं तेव्हा अख्ख्या खोऱ्यानं सहा महिने नाकं मुरडली. मग शिकारीचा हंगाम तोंडावर आला, तसे सगळे आपापल्या बंदुका घेऊन गुपचूप रांगेत उभे राहिले.

"तुला जमतं ना हे, रुबी?" हॅल्वर दर वर्षी विचारायचा.

"छे, मी नुसती शोभेला बसलेय."

यावर तो हसायचा नाही. मी असं का म्हणाले असेन, याचा विचार करत घरी जायचा.

त्याचा सगळा जीव एका रायफलीत अडकलेला होता. बापाकडून आलेली, १९०७ सालची, लिव्हर ओढून गोळी चढवायची जुन्या घाटाची रायफल. डाव्या अंगाला खोगिराला अडकवायची कडी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि नळीचा मूळचा निळा रंग हातांनी घासून घासून तपकिरी झालेला. मी एकदा, क्लेम असतानाची गोष्ट, त्याला म्हणाले होते की रंग नवा करून देऊ का. तो असा बघत राहिला की मला ओशाळं वाटलं.

"ती कातडी आहे तिची," तो म्हणाला. "तुझी सोलून नवी चढवू?"

माणूस विक्षिप्त, पण जपणूक त्याच्याकडून शिकावी. तेलाचे दोनच थेंब, तेही जुन्या गंजीफ्रॉकच्या चिंधीवर. चामड्याच्या म्यानात रायफल कधी ठेवायची नाही, चामडं ओल धरतं आणि लोखंड गंजतं. कपाटात उभी करायची ती नळी खाली आणि दस्ता वर, म्हणजे तेल ओघळून लाकडात मुरत नाही. हे सगळं तो करायचा, पण कुणाला सांगायचा नाही. सांगितलं की लोक शिकणार, शिकले की त्यांना रायफल हवीशी वाटणार, असा त्याचा हिशेब.

आणि स्क्रू. त्याच्याकडे एक निळी वही होती. तिच्यात रायफलीच्या प्रत्येक स्क्रूचं चित्र काढलेलं होतं, डोक्यावरची खाच कोणत्या दिशेला आहे ते घड्याळाच्या काट्यासारखं दाखवून. दर रविवारी चर्चमधून आला की तो वही उघडायचा आणि एकेक खाच ताडून बघायचा. कुणी स्क्रूला हात लावला तर लगेच कळावं म्हणून. मला तेव्हा वाटायचं, हा चोरांना भितो.

जुन्या हत्यारांचा एक जाणकार मागे गावात आला होता. त्यानं भिंग लावून स्क्रू तपासले आणि मान डोलावली. "खाचांच्या कडा बघा, कोऱ्या करकरीत. ही कधी उघडलेलीच नाही. अशी रायफल आता बघायला मिळत नाही." त्या दिवसापासून हॅल्वर दोन इंच उंच चालायला लागला. सगळ्या खोऱ्यात सांगत सुटला, नव्वद वर्षांत या स्क्रूंना कुणाचा हात लागलेला नाही.

त्याची बहीण बोर्गिल्ड ओढ्यापलीकडे राहायची. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, त्याच्याहून उंच, आणि हसली की भांडी वाजायची. दोघं एकमेकांशी बोलायची, पण जपून. कारण तीच रायफल. त्यांचा बाप नेल्स म्हणायचा, माझ्यानंतर ही त्याची, जो हिनं पहिलं हरीण पाडील. हॅल्वरनं बाराव्या वर्षी पाडलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण हॅल्वर ते सगळ्यांना सांगायचा. "एका गोळीत," असंही सांगायचा. बाप गेला, रायफल त्याच्याकडे आली, आणि बोर्गिल्ड बावीस वर्षं काही बोलली नाही.

शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात बोलली. चर्चच्या तळघरात माशांचं जेवण होतं, नॉर्वेहून येऊन या खोऱ्यात वसलेल्यांची सगळी मंडळी जेवण आटोपून कॉफीवर आली होती. बोर्गिल्डच्या डोळ्यांत मधोमध धुकं साचायला लागलं होतं. बघायच्या माणसाचा चेहराच तेवढा दिसत नाही, कान दिसतात, असं ती म्हणायची. हिवाळा संपला की ती दूर बिलिंग्ज शहरात लेकीकडे कायमची जाणार होती. तिनं कप खाली ठेवला.

"हॅल्वर, या हंगामात मला रायफल हवी. डोळे पुरते जायच्या आत एकदा खांद्याला लावून डोंगरावर जाईन म्हणते. आणि खरं सांगायचं तर ती माझीच आहे. पहिलं हरीण मी पाडलं, तुझ्या दोन वर्षं आधी."

"कशावरून?" हॅल्वर ताठ झाला.

"बापानं दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी काढून आत लाकडावर लिहून ठेवलंय. मी शेजारी कंदील धरून उभी होते. उघडून बघ."

"ती पट्टी कधी उघडलेलीच नाही! जाणकार माणसानं भिंगातून बघितलंय. खोटं बोलतेस तू, तेही देवाच्या घरात!"

"देवाच्या घरात नाही, तळघरात," बोर्गिल्ड म्हणाली, आणि लोक हसले. हॅल्वर लाल झाला. पाद्री मध्ये पडला. उघडायला हरकत काय आहे, रुबी उघडील, शुक्रवारी दोघांनी तिच्याकडे जावं, असं त्यानं ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी हॅल्वर ठरल्या वेळेच्या तासभर आधी आला. या खेपेस त्यानं मागे बघितलं नाही. सरळ रायफल माझ्या टेबलावर ठेवली आणि निळी वही उघडून पुढे सरकवली.

"बघ. मागच्या पट्टीचा खालचा स्क्रू. बाराच्या ठोक्यावर होता. आता?"

मी आधी लिव्हर खाली ओढून आत गोळी नाही ना ते बघितलं. मग स्क्रू बघितला. खाच बारा वाजून पाच मिनिटांवर होती.

"फिरलाय," मी म्हणाले.

"फिरवलाय! रविवारी मी चर्चमध्ये असताना घर रिकामं असतं. किल्ली कुठं ठेवतो ते तिला ठाऊक आहे. ती आली, पट्टी उघडली, आपल्याला हवं ते लिहिलं आणि गेली. आता तू उघडशील, आत काहीतरी निघेल, आणि लोक म्हणतील हॅल्वर चोर. तू साक्षीदार आहेस, रुबी. आत जे काही असेल ते तिनं लिहिलंय."

पटण्यासारखं होतं. मीसुद्धा बोर्गिल्डचा संशय घेतला, नाही असं नाही. म्हातारपणी माणसं काय काय करतात, मी बघितलंय. मी भिंग लावलं आणि दोन्ही खाचा नीट तपासल्या. एकीवरही ओरखडा नव्हता. मग मी भिंग ठेवलं आणि हॅल्वरकडे बघत राहिले.

बोर्गिल्ड मुरंब्याची बरणी सुरीच्या टोकानं उघडते. गळका नळ सुरीनं, रेडिओचं झाकण सुरीनं. तिच्या घरातल्या एकाही सुरीला टोक उरलेलं नाही. आता तर तिला समोरचा स्क्रूही धड दिसत नसेल. या खाचेत तिनं काही घातलं असतं, तर पट्टीवर नांगरल्यासारखे चरे उठले असते. बाजारचा स्क्रूड्रायव्हर टोकाकडे निमुळता असतो, तो जुन्या बारीक खाचेत घसरतो आणि कडा चेपतो. कडा अशा कोऱ्या राहायच्या, तर पातं त्याच खाचेच्या मापानं घासून तयार केलेलं लागतं. तसं पातं या खोऱ्यात एकच माणूस घासून द्यायचा. माझा नवरा.

"हॅल्वर, चोर फार मायाळू होता रे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"कुठं ओरखडा म्हणून नाही. या रायफलीवर पोटच्या पोरासारखा जीव असलेल्या माणसाचं काम आहे हे. तुझा बाप गेला त्या शरदात तू क्लेमकडून एक स्क्रूड्रायव्हर घासून नेला होतास. मेपलच्या मुठीचा. मीच कागदात बांधून दिला होता. जी रायफल कधी उघडायचीच नाही, तिच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर तुला कशाला लागला?"

त्यानं निळी वही मिटून जवळ ओढली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? त्या वहीतली चित्रं, रविवारची तपासणी, एवढा पहारा! चोरांसाठी नव्हताच तो. आत काय लिहिलंय ते बाहेर पडू नये म्हणून होता. आणि आता स्वतःच स्क्रू फिरवून म्हाताऱ्या बहिणीच्या माथी चोरी मारायला निघाला होता हा बाबा.

"रुबी," तो एवढंच म्हणाला.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. शेजाऱ्यानं बोर्गिल्डला सोडलं होतं. ती चौकट चाचपत आत आली, खुर्चीवर बसली, हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "आलायस का रे? तेलाचा वास येतोय म्हणजे आलायस."

मी क्लेमच्या पेटीतला त्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दोन्ही स्क्रू काढले. पट्टी सुटली. आतलं लाकूड फिकट, बाहेरच्यासारखं काळवंडलेलं नाही, आणि त्यावर पेन्सिलीच्या दोन ओळी अगदी स्वच्छ.

बोर्गिल्डनं दस्ता जवळ घेतला, मान तिरकी केली, परत केली. "मला नुसतं लाकूड दिसतंय. हॅल्वर, तू वाच."

"रुबीला वाचू दे," तो म्हणाला.

"रुबी बापाची पोर नाही. तू वाच."

मी गप्प बसले. बसायला नको होतं, असं नंतर वाटलं. पण हा काय करतो ते मला बघायचं होतं, आणि माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यानं रायफल खिडकीकडे नेली. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"लाकूड फार काळं पडलंय," तो म्हणाला.

"बरं," बोर्गिल्ड म्हणाली. "नाही दिसत तर नाही." आणि मांडीवरचे हातमोजे चाचपायला लागली. एक खाली पडला होता. तो तिला सापडेना.

हॅल्वर ते बघत होता.

"बोर्गिल्ड," तो म्हणाला. तिला वाटलं हाक मारली. तिनं मान वर केली. पण तो वाचत होता. "बोर्गिल्ड. एकोणीसशे एक्केचाळीस. एक गोळी."

मग त्यानं दुसरी ओळ वाचली. "हॅल्वर. एकोणीसशे त्रेचाळीस. चार गोळ्या."

"चार?" बोर्गिल्ड म्हणाली. "तू तर जन्मभर एक सांगत आलास."

"मी हे चौऱ्याहत्तर सालीच वाचलं होतं. बाप गेला त्या आठवड्यात."

या वेळी ती हसली नाही. "बावीस वर्षं, हॅल्वर," ती म्हणाली. त्यानं वाकून हातमोजा उचलला आणि तिच्या हातात दिला. मग रायफलही दिली.

"चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस. आणि कपाटात नळी खाली..."

"गप्प बस."

त्या हंगामात बोर्गिल्ड रायफल खांद्याला लावून डोंगरावर गेली. हॅल्वर दोन पावलं पुढे चालून वाटेतले दगड सांगत होता. तिनं गोळी झाडली नाही. सगळा हिवाळाभर तो दर रविवारी ओढा ओलांडून चिंधी आणि तेल घेऊन तिच्याकडे जायचा, ती रायफल नीट ठेवते की नाही याचा त्याला भरवसा नव्हता म्हणून. "येतो, स्क्रू मोजतो, माझी कॉफी पितो, जातो," बोर्गिल्ड मला म्हणाली.

मार्चअखेर ती बिलिंग्जला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅल्वर माझ्या दारात. हातात रायफल, चेहरा लालबुंद.

"माझ्या ओसरीवर ठेवून गेली! आणि हे बघ! हे बघ काय केलंय तिनं!"

मागच्या पट्टीच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा ओरबाडल्या होत्या. एक लांब चरा पट्टीवरून आडवा गेला होता. सुरी घसरलेली दिसत होती, एकदा नाही, चार-पाचदा.

"लोण्याच्या सुरीनं उघडलीय!" तो ओरडला. "माझी ओळ खोडली असणार तिनं. सूड घेतलाय. उघड, आत्ता उघड!"

मी उघडली. बापाच्या दोन्ही ओळी जागच्या जागी होत्या. त्यांच्याखाली तिसरी होती, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत, कडेवरून खाली घसरलेली. न दिसणाऱ्या माणसानं चाचपत लिहिलेली.

हॅल्वर. १९९६. खरं वाचलं.

या वेळी त्यानं मोठ्यानं वाचलं नाही. खिशातली चिंधी काढली, नाक पुसलं, तेलाचा डाग गालावर लागला तो तसाच राहिला.

"चरे घालवून देते," मी म्हणाले. "दोन तासांचं काम आहे. कुणाला कळणारही नाही."

"हात लावू नकोस."

मी पट्टी बसवली, स्क्रू पिळले. त्यानं रायफल आपल्याकडे ओढली, खुर्ची खिडकीपाशी नेली, निळी वही काढली आणि कोऱ्या पानावर त्या दोन स्क्रूंचं नवं चित्र काढायला बसला, ओरखड्यांसकट.