भोंगाताईंनी खाली आणलेलं सभागृह

भोंगाताईंची आणि माझी पहिली भेट माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर झाली. मी शाळेच्या फाटकात उभा राहून दुसऱ्या एका पालकाला जगाचं पुढे काय होणार ते समजावून सांगत होतो. तेवढ्यात मागून एक्स्प्रेस गाडीच्या वेगाने एक चाकांची खुर्ची आली. माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून कुत्री भुंकायची थांबली, कावळे गाव सोडून गेले आणि पहिलीच्या वर्गाने शाळा सुटली असं समजून दप्तरं भरली. पण त्या किंकाळीलाही खाऊन टाकणारा एक आवाज आला, "रस्त्यात उभ्या असलेल्या प्रवाशांनी कृपया बाजूला व्हावे!"

मी बाजूला झालो. मला तर फाटकही जरासं सरकल्यासारखं वाटलं.

ताई बसस्थानकावर घोषणा करायच्या. त्यांच्यासमोर मायक्रोफोन असायचा, पण तो केवळ नियम म्हणून. तो बंद पडला की उलट प्रवाशांना जरा बरं वाटायचं. मुलांनी त्यांचं नाव भोंगाताई ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा त्या खूश झाल्या. "भोंगाच ना? मला वाटलं, काहीतरी वाईट ठेवलं असेल." लहानपणीच्या आजारात त्यांचे पाय गेले होते. त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की त्या म्हणायच्या, "पायातलं बळ घशात गेलं, दुसरं काही नाही."

आणि अशा बाईच्या पोटी चिमणी जन्मली! चौथीतली ही पोरगी हजेरीला "हजर" म्हणायची, तरी वर्गाच्या बाई गैरहजेरी मांडायच्या. शाळेच्या नाट्यस्पर्धेत चौथीच्या नाटकात तिला एकच वाक्य मिळालं होतं. झोपलेल्या राजाला उठवताना म्हणायचं, "महाराज, सकाळ झाली!" बस. पण तिने अट घातली, "आई पहिल्या रांगेत बसली तरच मी बोलणार."

आणि सभागृह होतं वरच्या मजल्यावर. वर जायला जिना, आणि फक्त जिना.

मुख्याध्यापक तसे सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "ताई, अजिबात काळजी करू नका. आमचे चार शिक्षक तुम्हाला खुर्चीसकट अलगद वर नेतील."

ताईंनी त्या चौघांकडे नजर टाकली. त्यातले चित्रकलेचे सर नुसता जिना उतरून आल्यामुळे कठड्याला धरून धापा टाकत होते.

"सर, मी काय सामान आहे? मग आधी वजन करा, पावती फाडा आणि हे सर मधेच बसले तर मोडतोड कोण भरून देणार तेही सांगा."

"अहो ताई, तसं नाही..."

"आणि मला पालखीसारखं मिरवत आणलंत तर लोक नाटक बघतील की मला? माझ्या पोरीला एकच तर वाक्य आहे. त्यात मी कशाला भाव खाऊ?"

मुख्याध्यापकांनी "बघू" म्हटलं. शाळेत "बघू"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

पुढच्याच आठवड्यात पालकसभा होती. तीही अर्थात वर. सभेची आमच्याकडे एक ठरलेली पद्धत होती. मुख्याध्यापक शेवटी विचारत, "कुणाला काही सूचना?" त्यावर सगळे आपापल्या बुटांकडे बघत आणि मग चहा येई. त्या दिवशीही त्यांनी विचारलं. आम्ही बुटांकडे बघितलं. आणि जिन्यातून आवाज वर आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! सभागृहाकडे जाणारी खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी रखडलेली आहे. या विलंबाबद्दल शाळेला खेद असल्यास तसे कळवावे!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मुख्याध्यापक कठड्यावरून वाकून म्हणाले, "ताई, आपण नंतर बोलू!"

"नंतर म्हणजे कितव्या फलाटावर?"

सभागृह हसून लोळायला लागलं. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. त्यांना कमी ऐकू यायचं, तरी नातवासाठी ते नेमाने सभेला यायचे. "इतकी वर्षं येतोय," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा सभेतलं काहीतरी ऐकू आलं. मी खाली जाऊन बसतो." आणि ते निघाले. त्यांच्यामागे माझी बायको निघाली, म्हणून मीही निघालो. हळूहळू सगळेच उतरले. वर उरले मुख्याध्यापक आणि रंगमंचाचा लाल मखमली पडदा. थोडा वेळ त्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग मुख्याध्यापकही खाली आले.

खाली येऊन बघतात तर जिन्याशी ताई एकट्या नव्हत्याच. गुडघ्यांमुळे वर न चढणाऱ्या दोन आज्या आणि कुबड्या घेतलेले एक बाबा तिथे बसून होते. ही मंडळी दर सभेला तिथेच बसत आणि चहा मात्र वरच संपत असे.

"नाटकं खालच्या मोठ्या खोलीत घ्या ना," माझी बायको म्हणाली.

"तिथे मोडकी बाकं ठेवलीत."

"म्हणजे बाकं खाली आणि माणसं वर? बाकांचेही गुडघे दुखतात की काय?"

"पण पडदा वर आहे हो!" मुख्याध्यापकांचा जीव खरा तिथे अडकला होता.

"मग त्याला आणा उचलून," भोंगाताई म्हणाल्या. "तो बिचारा तक्रार करणार नाही."

आणि पडदा खाली आला. बाकं वर गेली. त्या खोलीच्या दारातल्या पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार झाला, स्वच्छतागृहाचं दार रुंद झालं, आत धरायला दांडा बसला. मुख्याध्यापकांना तर एकदम अंगातच आलं. दिसेल त्याला ते "आमचा उतार" दाखवू लागले. नाटकाच्या दिवशी त्यांनी शोभा म्हणून उताराच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना एकेक गलेलठ्ठ कुंडी ठेवली, आणि ताईंची खुर्ची नेमकी त्या दोन कुंड्यांमध्ये अडकली.

"मार्गात जंगल लागल्यामुळे गाडी थांबवण्यात आली आहे!"

मुख्याध्यापकांनी नव्या कोटानिशी कुंडी कवटाळली आणि स्वतः बाजूला नेली. कोटावरची ती माती त्यांनी दिवसभर झटकली नाही. पदक मिळाल्यासारखे ते छाती काढून फिरत होते.

पहिल्या रांगेत ताईंसाठी एका खुर्चीची जागा मोकळी सोडली होती. खोली बुटकी असल्यामुळे पडद्याचा खालचा भाग जमिनीवर ढीग होऊन पडला होता आणि प्रधान त्यात अडखळून प्रवेशापूर्वीच प्रेक्षकांत आला. राजा घोरत होता, बहुधा खरंच. चिमणी आली, उभी राहिली, आणि तोंड उघडेना.

सगळे ताईंकडे बघू लागले. आता या ओरडणार! पण ताईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. डोळे मोठे, गाल फुगलेले, रंग लालबुंद. चिमणीने ते बघितलं आणि ती खुदकन हसली. मग तिने छातीभर श्वास घेतला.

"महाराज, सकाळ झाली!"

राजा पलंगावरून पडला. वरच्या मजल्यावरची बाकं हलली. कमी ऐकू येणारे आजोबा कानावर हात ठेवून आनंदाने ओरडले, "झाली, झाली!"

"आमच्याच डेपोची गाडी आहे," ताई पुटपुटल्या. त्यांना पुटपुटता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी निकाल लागला. चौथीच्या नाटकाला तिसरा क्रमांक मिळाला. नाटकं तीनच होती.